पेटीला लागलेलं लिंबाचं तेल

तेल चुकून लागलं. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या गावात लोकांना भलतंसलतं बोलायची भारी हौस, आणि त्यातले निम्मे लोक माझ्याच खुर्चीत बसून, माझ्याकडूनच केस कापून घेत बोलतात. मी व्हर्लीन टिडमोर. घराच्या पुढच्या खोलीत माझं केसांचं दुकान आहे, एकोणतीस वर्षं झाली. मी कपाट पुसत होते, हातात फडकं होतं, फडक्यावर फर्निचरचं ते लिंबाच्या वासाचं तेल होतं. हॉइटची टर्कीची पेटी तिथेच पडली होती. म्हटलं, हिच्यावरूनही एक हात फिरवू. झालं. एवढंच.

आता अलाबामाच्या या डोंगरांत शेंबड्या पोरालाही माहीत असतं की टर्कीच्या पेटीला तेल लावायचं नसतं. पेटी म्हणजे वीतभर लांबीचा लाकडी डबा, वर एका स्क्रूवर फिरणारं झाकण, झाकणाला धरायला दांडी. झाकणाला खडू घासायचा आणि ते डब्याच्या पातळ कडेवरून ओढायचं, की आतून हुबेहूब टर्कीची मादी ओरडते. वसंतात रानातला नर तो आवाज ऐकून धावत येतो, आणि तिथे मादी नसते, झाडाला टेकून बसलेला हॉइट असतो. सगळी करामत कोरड्या लाकडावर कोरडं लाकूड घासण्याची. तेल लागलं की झाकण नुसतं घसरतं, आवाज खलास. तुम्ही कुणाची बायको पळवलीत तर लोक दोन वर्षांत विसरतील. पेटीला तेल लावलंत तर तुमच्या नातवंडांनाही ऐकून घ्यावं लागेल.

हॉइट म्हणजे माझा नवरा. नोव्हेंबरात त्याला झटका आला. उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर बोलणंही गेलं. तसा तो आधीही कुठे बोलत होता म्हणा! चाळीस वर्षांच्या संसारात तो जेवढं बोलला तेवढं मी एका बाईचे केस धुताना बोलते. पण होतं ते थोडंही गेलं. हॉस्पिटलच्या पोरीने अक्षरांची पाटी आणून दिली, एकेक अक्षर बोटाने दाखवायची. त्याने ती डाव्या हाताने ढकलून दिली. रबराचा चेंडू दिला, तो खिडकीबाहेर गेला. मग डिसेंबरात एक दिवस त्याने फळीवरच्या पेटीकडे बोट दाखवलं. मी काढून दिली. त्याने ती मांडी आणि लुळा हात यांच्यात नीट अडकवली, डाव्या हाताने दांडी धरली, आणि क्याक, क्याक, क्याक!

मी दुकानातून कात्रीसकट धावत आले. त्याने माझ्याकडे बघितलं, रिकाम्या कपाकडे बघितलं. मी कॉफी ओतली. असा आमचा संवाद सुरू झाला.

तीन हाका म्हणजे कॉफी. पाच म्हणजे पांघरूण. टकटकटकटक अशी घाई असली की लघवीचं भांडं, आणि तेही आत्ताच्या आत्ता. कळपातून चुकलेल्या मादीसारखा लांब गळा काढला की समजायचं, टीव्हीचा रिमोट खाली पडलाय. रविवारी चर्चमध्ये त्याला प्रवचन पटलं नाही तर तो तेही कळवायचा. दिवसाला साठ-सत्तर हाका! माझी गिऱ्हाइकं केस वाळवायच्या टोपाखाली बसून दचकायची. एका बाईचे केस मी कुरळे करायला ठेवले आणि मधे पाच वेळा आत पळाले. तिचे केस अजून सरळ झालेले नाहीत.

तेही चाललं असतं. पण रोज संध्याकाळी जेवण झालं, टीव्हीवर हवामान लागलं, की तो एक वेगळाच आवाज काढायचा. अगदी हळू. टक्... टक्... घुर्रर्र. मी भांडं आणायची. मान हलवायचा, नाही. पांघरूण? नाही. मीठ? औषध? उशी? एकदा मी पुडिंग दिलं, ते खाल्लं त्याने, आणि पुन्हा टक्, टक्, घुर्रर्र. "अरे मेल्या, काय हवंय ते एकदाचं सांग तरी!" मी ओरडायची. तो माझ्याकडे बघत बसायचा. चार महिने रोज संध्याकाळी हे. रोज!

मग ते तेल लागलं. चुकून.

त्या दिवशी त्याने झाकण ओढलं, ते घसरलं. पुन्हा ओढलं, पुन्हा घसरलं. खडू घासला, काही नाही. मग त्याने पेटी नाकाशी नेली. मग टेबलावर ठेवली आणि आपली चाकाची खुर्ची खिडकीकडे वळवली.

पहिला दिवस, खोटं कशाला बोलू, मी गरम कॉफी गरम असतानाच प्यायले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी मधेच केस वाळवायचं यंत्र बंद करून कानोसा घेतला. काही ऐकू आलं नाही. तो काही मागेचना. दिलं तर खायचा, नाही दिलं तर नाही. एकदा पँट ओली झाली तरी मला बोलावलं नाही. अकरा दिवस असे गेले. घरी येणारी नर्स जाताना दारात म्हणाली, "मिस व्हर्लीन, अशी माणसं आतूनच जगायचं सोडून देतात हो. मग आमच्या हातात काही राहत नाही." शनिवारी टर्कीच्या शिकारीचा मोसम सुरू होणार होता. दरवर्षी या आठवड्यात हॉइट पेटी उशाशी घेऊन झोपायचा. गुरुवारी सकाळी मी दुकानाला कुलूप घातलं, शेजारणीला त्याच्याजवळ बसवलं, आणि पेटी टॉवेलात गुंडाळून यूल स्प्रेबेरीकडे निघाले.

यूल स्प्रेबेरी वर डोंगराच्या धारेवर राहतो. ऐंशीला टेकलाय. हॉइटची पेटी एकतीस वर्षांपूर्वी त्यानेच केलेली. पाटीबिटी काही नाही. ज्याला माहीत नाही त्याने येऊच नये असं त्याचं म्हणणं. आता एवढ्या नावाजलेल्या माणसाकडे जायचं तर जरा बरं दिसावं म्हणून मी माझा लाल कोट घातला, लिपस्टिक लावली, पापण्यांना निळा रंग लावला. केस तर माझे पांढरेशुभ्र, आणि जाहिरात म्हणून उंच फुगवून ठेवलेले. गाडीही आदल्या दिवशी धुतलेली.

अंगणात गाडी थांबली मात्र, झाडीतून एक काळाकभिन्न टर्कीचा नर आला आणि माझ्या गाडीच्या दाराशी भांडायला लागला. धुतलेल्या दारात त्याला आपलंच तोंड दिसत होतं. धाड, धाड, लाथा घालतोय! मी दुसऱ्या बाजूने उतरले. त्याने मान वर करून मला पाहिलं. दारातल्या त्या दुसऱ्याला सोडलं आणि सरळ माझ्या अंगावर आला. एकसष्टाव्या वर्षी मी गाडीच्या बॉनेटवर कशी चढले ते मलाच माहीत.

"बाई!" दारातून यूल स्प्रेबेरी ओरडला. "लाल, पांढरा आणि निळा! तिन्ही एकाच अंगावर! या दिवसांत! जीव नकोसा झालाय का?"

"मी पेटी घेऊन आलेय, मिस्टर यूल, मरायला नाही आले!"

"ते त्याला काय माहीत? नराच्या डोक्याचे रंग ते. त्याला वाटतंय दुसरा नर आलाय त्याच्या राज्यात. आणि तोही एवढा थोराड."

"थोराड कुणाला म्हणताय?"

"मी नाही, तो म्हणतोय. कोट काढा, फेका इकडे. डोळे पुसा. डोक्यावर हे घ्या." त्याने पालापाचोळ्याच्या रंगाचा एक जुना रेनकोट आणि मच्छरदाणीसारखी जाळी माझ्याकडे भिरकावली. मी बॉनेटवर बसून थुंकी लावून पापण्या पुसल्या, जाळी घेतली, केसांचा सत्यानाश झाला, आणि तो पक्षी लगेच शांत होऊन दाणे टिपायला लागला. कुणाशी भांडत होतो हेही विसरला मेला.

"हा जज," स्प्रेबेरी म्हणाला. "पाळलेला नाही. पाच वर्षांपूर्वी मी एक पेटी केली, अक्रोडाची. इथेच दारात बसून वाजवून बघितली, तर हा रानातून आला. ती मादी शोधत. तेव्हापासून इथेच आहे. ती येईल म्हणून वाट बघतोय."

"अहो, पण ती तर पेटी होती!"

"मी सांगितलंय त्याला. ऐकत नाही. आता प्रत्येक नवी पेटी तोच पास करतो. बसा त्या ओकच्या झाडाखाली. रांग आहे."

"कुठेय रांग? इथे कुत्रं दिसत नाही!"

"आहे. चाळीस मिनिटं बसायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही. जो हलला तो शेवटी. ज्याला बसता येत नाही त्याच्यासाठी मी लाकडाला हात लावत नाही."

चाळीस मिनिटं! माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा मी भुलीच्या इंजेक्शनातसुद्धा एवढी गप्प नव्हते. पण हॉइटचं ते खिडकीकडे वळलेलं डोकं डोळ्यांपुढे आलं. मी ओकच्या बुंध्याशी बसले, पर्स बाजूला पाल्यावर ठेवली, आणि तो आत गेल्यावर अगदी हळू, ओठांतल्या ओठांत, काय बोलायचं त्याची तयारी सुरू केली. तयारी म्हणजे काही बोलणं नव्हे.

"आधी कपाट म्हणायचं," मी पुटपुटले. "कपाट पुसत होते. मग फडकं. नाही, फडकं आधी, म्हणजे ते खरं वाटेल. लक्षच नव्हतं म्हणायचं. रडू आलं तर बरंच. तीन वेळा लावलं हे काही त्याला कळणार नाही."

"मिस व्हर्लीन," पाल्याचा ढीग म्हणाला, "तुमची पर्स माझ्या पायावर आहे."

नीट पाहिलं तर तो ढीग नव्हता. पाल्याचे कपडे, पाल्याची टोपी, तोंडाला काळं फासलेलं, आणि त्या काळ्यातून आमच्या चर्चच्या पास्टरांचे, ब्रदर टॉल्बर्टचे, डोळे बघत होते.

"ब्रदर टॉल्बर्ट! तुम्ही तर बर्मिंगहॅमला हॉस्पिटलात आजाऱ्यांना भेटायला गेलाय ना? काल तुमची बायको माझ्या खुर्चीत बसून सांगत होती!"

"जाणारच आहे. संध्याकाळी." ते ओठ न हलवता बोलत होते. सकाळी सहापासून, दर वेळी हलून पुन्हा पहिल्यापासून, असेच बसले असावेत. "मिस व्हर्लीन, तीन वेळा कशाला हो?"

"तुम्ही काही ऐकलेलं नाही."

"आणि तुम्ही काही पाहिलेलं नाही."

"आमेन," मी म्हटलं. मग मात्र आम्ही दोघंही खरोखर गप्प बसलो. जज आमच्या दोघांच्या मधून दोनदा फिरून गेला. एकदा माझ्या बुटावर चढून उभा राहिला. मी हलले नाही. घाम कानामागून मानेवर उतरत होता, नाकाच्या शेंड्यावर मुंगी होती, तरी हलले नाही. मला वाटतं तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब गप्प वेळ असेल. आणि त्यात मला दुसरं काही सुचेना, तर कानात सारख्या हॉइटच्या हाका. तीन, पाच, लांबवाली, घाईची. एकेक अगदी स्पष्ट. आणि शेवटी ती संध्याकाळची.

ब्रदर टॉल्बर्टना शिंक आली. त्यांचा नंबर गेला, माझा लागला.

कारखाना म्हणजे कोंबड्यांची जुनी लांब शेड. भिंतीला फळ्याच फळ्या टेकवलेल्या: पाडलेल्या गोठ्याचा देवदार, जुन्या चर्चचे बाक, कुणाच्या तरी आजीचं कपाट. खाली पायाच्या घोट्याएवढा भुसा. स्प्रेबेरीने टॉवेल उलगडला, पेटी हातात घेतली, वास घेतला, मग जिभेच्या टोकाने चाखली.

"लिंबू," तो म्हणाला.

"हो ना! काय झालं, मिस्टर यूल, मी फडकं... म्हणजे कपाट पुसत होते, लक्षच नव्हतं..."

"चुकून लागलेलं तेल वरून लागतं, बाई." त्याने झाकण बाजूला फिरवलं. "हे आतून लावलंय. या कडेला. त्या कडेला. स्क्रूच्या भोवती. झाकणाच्या पोटाला. दोन हात दिलेत."

मी पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली.

"की तीन?"

"तीन," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. ठरवलेलं रडू नव्हे ते. "मुद्दाम लावलं. तो झोपला होता आणि मी मुद्दाम लावलं. मला सहनच होईना हो! दिवसभर क्याक क्याक, मी कात्री टाकून पळतेय, पाय सुजलेत, आणि संध्याकाळी ते एक, जे मला कधीच कळलं नाही. काय हवंय तेच कळत नाही! मला वाटायचं मी कुठेतरी कमी पडतेय आणि हा ते रोज माझ्या तोंडावर सांगतोय. म्हटलं, एक दिवस तरी गप्प बस. एक दिवस! तर तो अकरा दिवस गप्प बसलाय, मिस्टर यूल, आणि मला वाटतं तो आता जाणार."

त्याने मला एक फडकं दिलं. मी ते आधी हुंगून बघितलं. मग नाक पुसलं.

"माझ्या बायकोने, आयडाने, एका हिवाळ्यात माझ्या सतरा पेट्या चुलीत घातल्या," तो म्हणाला. "तिचंही चुकूनच झालं."

"सतराही?"

"एकेक करून."

मग तो कामाला लागला. कडेवरून पातळ पातळ साल काढली, झाकणाचं पोट तासलं, तेल प्यायलेलं लाकूड वासाने ओळखून तेवढं तेवढं उडवलं. खडू लावून झाकण ओढलं. आवाज आला! मी टाळीच वाजवणार होते. पण तो काही खूश दिसेना.

"ही मादी आहे," तो म्हणाला, "पण हॉइटची मादी नाही. कड पातळ झाली, आवाज बदलला. पहिला आवाज आणायचा तर तो कानात पाहिजे, आणि माझ्या कानात तो नाही. हजार-बाराशे पेट्या केल्या मी. एकतीस वर्षं झाली. ही कशी बोलायची ते आता कुणाला आठवतंय?"

मला काय झालं कोण जाणे. मी जाळी वर केली, तोंड उघडलं, आणि कॉफी मागितली.

क्याक, क्याक, क्याक!

माझ्याच तोंडून ते निघालं आणि मीच दचकले. हुबेहूब! बाहेर जजने असा गळा फोडला की फळ्या थरथरल्या. स्प्रेबेरीचा चष्मा नाकावरून घसरला.

"पुन्हा," तो म्हणाला. त्याने पॉलिश पेपर उचलला. "कॉफी म्हणा."

मी कॉफी म्हटलं. त्याने कड घासली, झाकण ओढलं, मान हलवली. "अजून जरा घोगरी आहे. पांघरूण म्हणा." मी पांघरूण म्हटलं. जज दारातून आत आला. "रिमोट." मी गळा काढून रिमोट म्हटलं. दारात काळं तोंड दिसलं. ब्रदर टॉल्बर्ट रांग सोडून बघायला आले होते. "आता भांडं म्हणा. नीट. घाई असल्यासारखं."

"पास्टरसमोर?"

"म्हणा!"

मी भांडं म्हटलं. जजने शेपटीचा पंखा पूर्ण उघडला, पंख जमिनीला घासत, छाती काढून, भुशातून माझ्याभोवती एक गोल फेरी घातली. "पाच वर्षांत त्याच्याशी असं कुणी बोललं नव्हतं," स्प्रेबेरी हळूच म्हणाला. ब्रदर टॉल्बर्टनी नकळत टोपी काढून छातीशी धरली होती. मी कसली मागणी करत होते ते त्यांना सांगावं की नाही, मला कळेना. नाही सांगितलं.

असा तासभर गेला असेल. मी मागायचं, त्याने घासायचं, जजने ऐकायचं. आवाज जवळ जवळ येत गेला. "अजून काही म्हणायचा का तो?" स्प्रेबेरीने विचारलं. "हळू काही? हळू आवाजातच पेटीचं खरं-खोटं कळतं."

"एक आहे. पण त्याला काही अर्थ नाही."

"म्हणा तर."

टक्... टक्... घुर्रर्र.

स्प्रेबेरीचा हात थांबला. जजने पंखा मिटला, पिसं बसवली, आणि तो चक्क भुशात पाय दुमडून बसला.

"हे तो कधी म्हणायचा?"

"रोज. जेवण झाल्यावर. हवामान बघताना."

"मग तुम्ही काय करायचा?"

"काय करायचे म्हणजे? काय केलं नाही ते विचारा! भांडं आणलं, पांघरूण आणलं, मीठ आणलं, औषध, उशी, पुडिंग, एकदा डॉक्टरला फोन लावला. एकदा या ब्रदर टॉल्बर्टना बोलावून घेतलं, म्हटलं याला प्रार्थना हवी असेल."

"खरंय," दारातून ब्रदर टॉल्बर्ट म्हणाले. "मी पूर्ण स्तोत्र वाचलं होतं."

स्प्रेबेरीने चष्मा काढून पुसला. मग पुन्हा पुसला. "मिस व्हर्लीन, हॉइट पन्नास वर्षं रानात बसलाय. त्याला यातला शब्द न् शब्द माहीत आहे. मादी हे कधी म्हणते ठाऊक आहे? पोट भरलेलं असतं, वर ससाणा नसतो, कुणी हरवलेलं नसतं. अशा वेळी चरता चरता जवळच्या दुसरीला म्हणते. मी इथे आहे, तू तिथे आहेस, सगळं ठीक आहे. बस. त्यात मागणं काहीच नाही."

मी डोक्यावरची जाळी काढून टाकली.

"मग दुसरी काय करते?"

"काय करणार? तीही तेच म्हणते. आणि चरत राहते."

मी भुशात खाली बसले, जजच्या शेजारी. चार महिने. चार महिने तो माणूस रोज मला सांगत होता की बरं वाटतंय, आणि मी त्याच्याखाली भांडं सरकवत होते. लाज वाटली. अशी लाज मला जन्मात वाटली नव्हती. ब्रदर टॉल्बर्ट खाकरले आणि म्हणाले की ते आता सरळ बर्मिंगहॅमलाच जातात.

निघताना जज काही मला सोडेना. गाडीमागे उतारावर चांगला मैलभर धावत आला. आरशात दिसत होता. शेवटी मला काच खाली करून त्याला ते हळूवालं म्हणावं लागलं, तेव्हा कुठे तो रस्त्याच्या कडेला थांबला आणि गवत टिपायला लागला.

घरी हॉइट तसाच होता, खिडकीकडे तोंड करून. मी पेटी त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने ती उचलून हुंगली आणि परत मांडीवर ठेवली. वाजवली नाही. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले, खिडकी अडवून.

"हॉइट, ते तेल चुकून नाही लागलं. मी मुद्दाम लावलं."

मग त्याने डावा हात वर केला आणि तीन बोटं दाखवली.

तो झोपला नव्हता. तो बघत होता. एकदा, दोनदा, तीनदा, सगळं त्याने बघितलं होतं. म्हणजे अकरा दिवस तो पेटी बिघडली म्हणून गप्प नव्हता. मला तो गप्प हवा होता, म्हणून तो गप्प होता.

"अरे देवा," मी म्हटलं. त्यापुढे मला शब्द सापडेना. मला! मी स्वयंपाकघरात गेले आणि जेवण गरम केलं, कारण दुसरं काय करतात?

जेवलो. मक्याची भाकरी, घेवड्याची उसळ. नंतर गोड म्हणून मी पीचच्या कॉब्लरच्या दोन वाट्या भरल्या, एक खिडकीपाशी त्याच्यापुढे ठेवली, एक माझ्यापुढे. टीव्हीवर हवामान लागलं. मी टीव्हीकडेच बघत होते, त्याच्याकडे बघायची छाती नव्हती. तेवढ्यात खडू घासल्याचा आवाज आला.

टक्... टक्... घुर्रर्र.

सवयीने मी खुर्चीतून अर्धी उठले होते. मग खुर्चीचे हात घट्ट धरले आणि स्वतःला खाली बसवलं. तोंड उघडलं, आणि जेवढं हळू जमेल तेवढं हळू तेच म्हटलं.

चाकं वाजली. त्याने खुर्ची खिडकीकडून माझ्याकडे वळवली. माझ्या हातांकडे पाहिलं. भांडं नव्हतं, उशी नव्हती, मीठ नव्हतं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. उजवी राहिली तशीच, तिचा काही दोष नाही. त्याने पुन्हा म्हटलं. मीही म्हटलं. टीव्हीवरचा माणूस शनिवारी आभाळ मोकळं राहील म्हणून सांगत होता, आणि आम्ही दोघं चरत राहिलो.